दहा मिनिटांची तीन वाक्यं

गिरणीच्या ऑफिसात माझा हुद्दा पत्रव्यवहार-कारकुनाचा होता, पण खरं काम दुभाष्याचं. खात्यांमधून कामगारांचे अर्ज मराठीत यायचे, ते मी इंग्रजीत करून साहेबांकडे पाठवायचो. साहेबांचा इंग्रजी शेरा आला की तो मराठीत करून खाली पाठवायचो. अर्जात ‘हा जुलूम आम्ही सहन करणार नाही’ असं असलं, तर माझ्या इंग्रजीत ते ‘कृपया फेरविचार व्हावा’ होऊन जायचं. साहेबांनी ‘ही माणसं कामचुकार आहेत’ असं लिहिलं, तर माझ्या मराठीत ‘उत्पादनाकडे अधिक लक्ष द्यावे’ असं उतरायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मजकूर मऊ केला की भांडणं कमी होतात, एवढं मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. दोन्हीकडचे लोक मला भला माणूस समजायचे. मीही समजायचो.

हीच सवय मी बायकोच्या जिवाशी गाठ असताना वापरली. ते एकदा लिहून टाकायचं आहे.

मोठा दुष्काळ सरला, त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो, ती बेचाळीसची. मुलगी लातूरला दिलेली, मुलगा पुण्याला शिकायला. घरात आम्ही दोघंच. त्या उन्हाळ्यात तिचं डोकं दुखायला लागलं. सुंठीचा लेप झाला, गोळ्या झाल्या, दुपारी कपाळाला ओलं फडकं बांधून अंधारात पडणं झालं. एक दिवस भाकरी करताना तिने मला हाक मारली.

‘अहो, तव्यावर किती भाकरी हायत?’

‘एक.’

‘मला दोन दिसायल्यात की.’

मी हसलो. ती हसली नाही. तिने तवा उतरवला आणि भिंतीला धरून खाली बसली.

आमच्या डॉक्टरांनी मद्रासकडच्या एका मोठ्या इस्पितळाच्या नावे पत्र दिलं. सोलापूरहून मद्रासची गाडी सरळ जाते, त्यामुळे आमच्याकडची माणसं अवघड दुखणं घेऊन तिकडेच जायची. तिथे तिच्या मानेतल्या शिरेत सुई घालून, रंग सोडून डोक्याचे फोटो काढायचे ठरले. आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं आणि ते अंगावेगळं करायचं नसतं. मानेतच सुई घालायची म्हणून तिने डबीचा दोरा गळ्यातून काढून दंडाला बांधला. नर्सने डोळे मोठे केले, पण बांधू दिलं.

फोटो आल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. उंच, सावळे, शांत बोलणारे गृहस्थ होते. त्यांना तमिळ आणि इंग्रजी येत होतं, तिला मराठी आणि कन्नड. मध्ये मी.

ते जवळजवळ दहा मिनिटं बोलले. म्हणाले, मेंदूत गाठ नाही, ती भीती काढून टाका. डोकेदुखी अर्धशिशीची दिसते, ती गोळ्यांनी आटोक्यात येईल. पण फोटोत भलतीच एक गोष्ट सापडली आहे. मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका रक्तवाहिनीला लहानसा फुगा आहे, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. हरभऱ्याच्या डाळीएवढाही नाही. तो जन्मभर तसाच राहील, कदाचित. किंवा एखाद्या दिवशी फुटेल, आणि फुटला तर आमच्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळणार नाही. कवटी उघडून त्या फुग्याच्या मुळाशी बारीक चिमटा बसवता येतो. पण बाजू डावी आहे. बोलणं तिकडेच असतं, उजव्या हाताची ताकदही तिकडेच. बोलणं जाऊ शकतं, हात जाऊ शकतो, टेबलावर जीवही जाऊ शकतो. करा किंवा करू नका, दोन्हीला माझी ना नाही. घाई नाही, पण वर्ष घालवू नका. शेवटी म्हणाले, ‘यांना सगळं नीट सांगा. डोकं यांचं आहे.’

मी तिच्याकडे वळलो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्या तोंडाकडे बघत होती.

‘गाठबीठ काही नाही म्हणतात,’ मी म्हणालो. ‘एक शीर जरा नाजूक आहे. जड उचलायचं नाही, चिडायचं नाही, गोळ्या घ्यायच्या.’

तिने सुस्कारा सोडून डॉक्टरांना हात जोडले. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, ‘एवढंच? मी तर बराच वेळ बोललो.’

‘मराठी भाषा छोटी आहे,’ मी म्हणालो.

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. भीतीने खोटं बोललो असं म्हणावं, तर त्या क्षणी भीती वाटलीच नव्हती. हात सवयीने चालला. अर्ज आला, मऊ केला, पुढे पाठवला.

घरी आल्यावर मात्र भीतीने मला गाठलं. मी तिला घागर उचलू देईना. गहू दळायला मीच डबा घेऊन पिठाच्या गिरणीत जायला लागलो. संध्याकाळी गजरा आणायचो. आमचं लग्न चोवीस वर्षांचं होतं आणि त्यातली तेवीस तरी आम्ही रोज एकदा भांडलो असू, मिठावरून, माझ्या बहिणीवरून, खिडकी उघडी का बंद यावरून. आता ती काही म्हणाली की मी ‘बरोबर आहे तुझं’ म्हणायचो. डॉक्टरांनी चिडण्याबद्दल काहीच म्हटलं नव्हतं. ते माझंच शेपूट. पण तेच मी धरून बसलो.

‘मी खारट आमटी केली हाय,’ ती एकदा ताट वाढून म्हणाली.

‘छान झालीये.’

‘मुद्दाम मूठभर मीठ टाकलंय.’

‘मला खारट आवडतं हल्ली.’

ती ताटासमोर बसली. ‘अहो, खरं सांगा. तुम्हाला काय झालंय? नोकरी गेली का? का कुटं दुसरीकडं जीव लागलाय? गजरे काय, दळण काय! माझा बाप मरायच्या आधी असाच गोड झाला होता बघा.’

मी आमटी पिऊन टाकली. तिला वाटत होतं, आजारी मी आहे.

असे चार महिने गेले. निर्णय एकट्याच्या डोक्यावर घेऊन मला झोप लागेना. सही मला करायची, न केली तरी जबाबदारी माझीच. शेवटी आमच्याकडचा माणूस जे करतो ते मी केलं. देवाला कौल लावायचं ठरवलं. डोकं तिचं, म्हणून देवही तिचाच हवा, असा मी विचार केला. तिचं माहेर दुधनीजवळच्या एका खेड्यात. तिथल्या महादेवाला ओल्या फुलाच्या पाकळ्या दोन्ही बाजूंना चिकटवतात आणि मागणं मागतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. ‘ऑफिसच्या कामाला होटगीला जातोय’ असं सांगून मी सकाळच्या पॅसेंजरने गेलो.

देवळात पुजारी होता आणि चार बायका कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. मी पुजाऱ्याला हळूच म्हणालो, ‘मी मनातल्या मनात मागतो. तुम्ही फक्त पाकळ्या लावा.’

‘तसं न्हाई जमत, साहेब. हितं मागणं तोंडानं म्हणायची रीत हाय. आन् कन्नडात. तुमाला येतंय का कन्नड?’

‘नाही.’

‘मग मला सांगा. मी म्हणतो.’

मी त्याच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. कोणाची मुलगी, काय झालंय, ऑपरेशन करू का नको. त्याने पाकळ्या लावल्या, दोन्ही हात वर केले आणि घंटेसारख्या आवाजात देवाला कन्नडमधून सगळं विचारलं. चांगली दोन-तीन मिनिटं. मला त्यातलं काही कळलं नाही. मी डोळे मिटून उभा होतो. मागे वाती वळायचं थांबलं आहे, एवढं कानाला जाणवलं, आणि मला वाटलं, किती भाविक बायका आहेत.

उजवी पाकळी पडली. होकार.

तेव्हा मला कळलं की मला होकार नको होता. मी पुजाऱ्याला म्हणालो, ‘परत एकदा लावा.’

‘एकाच गोष्टीला दोनदा लावत न्हाईत.’

‘वाऱ्याने पडली असेल.’

तो कुरकुरत तयार झाला. पुन्हा तेच मागणं, तोच आवाज. या वेळी डावी पडली. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दक्षिणा ठेवून मागे न बघता बाहेर पडलो.

दुधनीकडची एक म्हातारी रोज गाडीने सोलापूरला दही विकायला यायची. माझी बायको तिला अव्वा म्हणायची. उंबऱ्याच्या बाहेर तिची पाटी, आत हिचं पातेलं, आणि दह्याच्या निमित्ताने अर्धा तास दोघींचं कन्नड. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून घरी आलो, तेव्हा बायको उखळात शेंगाची चटणी कुटत होती.

‘परवा होटगीला गेला होता न्हवं?’

‘परवा नाही, काल.’

‘काल. गाडी होटगीला थांबली न्हाई वाटतं. एकदम दुधनीलाच गेली.’

मी चप्पल काढता काढता तसाच उभा राहिलो.

‘डॉक्टरला विचारलं,’ ती कुटत म्हणाली. ‘देवाला विचारलं. पुजाऱ्याला विचारलं. वाती वळणाऱ्या बायकांनाबी कळलं. दही विकणारीला कळलं. मला कधी विचारणार होता? डोकं कुणाचं हो?’

डॉक्टरांचंच वाक्य होतं ते. तिला माहीत नसताना.

त्या संध्याकाळी मी तिला डॉक्टरांची दहा मिनिटं सांगितली. या वेळी खरोखर दहा मिनिटं लागली. ती मुसळ थांबवून ऐकत होती. फुग्याशी आल्यावर म्हणाली, ‘सायकलच्या ट्यूबसारखा?’

‘हो.’

‘आपल्या सायकलच्या ट्यूबला फुगा आला होता, तवा काय केलं होतं तुम्ही?’

‘तशीच चालवली.’

‘मग?’

‘फुटली. नव्या पेठेत.’

‘ढकलत घरी आणली होती,’ तिने आठवण दिली. ‘आन् कौल काय लागला?’

मी दोन्ही पाकळ्यांचं सांगितलं. दोनदा विचारल्याचं सांगताना मान वर होईना. ती मात्र खो-खो हसायला लागली. डोळे पुसत म्हणाली, ‘दोन्हीकडून पडलं? म्हणजे देवानं माझ्यावर सोडलं की.’

मग तिने असं काही विचारलं की त्याचं उत्तर डॉक्टरांच्या दहा मिनिटांतही नव्हतं.

‘बोलणं जाईल म्हणाले. कुटलं जाईल? कन्नड का मराठी?’

मला हसू आलं. पण ती खरंच विचारत होती. तिच्या आजोबांचं धान्याचं दुकान होतं. सगळा जन्म त्यांनी मराठीत व्यापार केला. पण अर्धांगवायूचा झटका आल्यावर मराठी पार पुसून गेली. कन्नड तेवढं राहिलं. ‘मुळातलं राहतं,’ ती म्हणाली. ‘माझंबी तसंच झालं तर? मी पाणी मागीन आन् तुम्ही खिडकी उघडाल.’

आता लिहायला अवघड असलेली गोष्ट. आमचं घराणं बार्शीकडचं, घरात मराठी. लग्न होऊन ती आली त्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातून मोलकरणीशी कन्नडमध्ये काहीतरी बोललेलं माझ्या आईने ऐकलं. आई म्हणाली, ‘आमच्या घरात हे इल्ल-गिल्ल चालायचं नाही. पुढे पोरं तसंच बोलायला लागतील.’ मी तिथेच पाटावर जेवत होतो. आईला बरं वाटावं म्हणून मी हसलो. अठरा वर्षांची मुलगी हातात वाढपाचं भांडं घेऊन दारात उभी होती आणि मी हसलो. तेव्हापासून तिचं कन्नड उंबऱ्याबाहेर गेलं. घरात ते एकाच वेळी ऐकू यायचं, ज्वारी मापताना. ओंद, एरड, मूर, असं पुटपुटत ती मापं टाकायची. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी ती पुटपुटायचीच. मुलांना आजोळची भाषा आली नाही. मला चोवीस वर्षांत मापाच्या आकड्यांपलीकडे एक शब्द आला नाही.

‘मी ऑपरेशन करून घेईन,’ ती म्हणाली. ‘पण आधी तुम्ही कन्नड शिकायचं. मला कळेल असं न्हवं, तुम्हाला माझं कळेल असं. ते आलं की त्या दिवशी मी ट्रंक भरते.’

‘पण करायचंच कशाला?’ मी म्हणालो. ‘डॉक्टर म्हणालेत, जन्मभर तसाच राहीलसुद्धा.’

‘तो राहील हो. मी कशी राहू? चार महिने झाले, तुम्ही माझ्याशी एकदाबी भांडला न्हाई. खारट आमटी प्यायला. असल्या घरात मला राहायचं न्हाई. माझ्या डोक्यात डाळीएवढा फुगा हाय, तुमचं तर सगळं डोकंच फुगलंय.’

शिकवणी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. संध्याकाळी ती भाकरी करायची, मी पाटावर बसायचो.

‘सुळ्ळ,’ ती म्हणाली.

‘म्हणजे?’

‘खोटं. हे आधी शिका. तुम्हाला लागतंय.’

मग तिने खाटेवर पडलेल्या माणसाला लागतात ते शब्द निवडून काढले. नीर, पाणी. साक, पुरे. ब्याड, नको. नोव, दुखणं. तली, डोकं. कै, हात. जेवलात का हे तिच्या माहेरी एकमेकांना भेटल्यावर विचारतात, तेही शिकवलं: ऊटा आत्रि? एका संध्याकाळी म्हणाली, ‘अंजिकी.’

‘म्हणजे?’

‘भीती.’ आणि त्या दिवशी पुढचा शब्द सांगितला नाही. भाकरी जरा करपली.

मी वाईट विद्यार्थी निघालो. नीर म्हटलं की दुधाचं भांडं पुढे करायचो. नोव आणि नीर यांत घोटाळा करायचो. वाक्य म्हणायला सांगितलं की अर्ध्यात अडायचो. ती न कंटाळता पुन्हा सांगायची. संक्रांत गेली, शिवरात्र गेली. ‘गिरणीत साहेबाचं इंग्रजी कसं हो येतं तुम्हाला?’ एवढंच एकदा म्हणाली.

खरं असं होतं की मला सगळं येत होतं. ऑफिसात जुन्या मसुद्यांच्या कोऱ्या बाजूला मी तिचे शब्द लिहून ठेवायचो, दुपारच्या सुट्टीत घोकायचो. तीन आठवड्यांत तिचं आणि अव्वाचं बोलणं निम्मं-अर्धं कळायला लागलं होतं. पण मला कन्नड आलं की ती ट्रंक भरणार होती. म्हणून ते येत नव्हतं. एक सुळ्ळ उघडं पडल्यावर मी शहाणा झालो असेन असं कुणाला वाटेल. मी दुसरं सुरू केलं होतं, आणि रोज संध्याकाळी तिच्यासमोर पाटावर बसून चालवलं होतं. डॉक्टरांनी वर्ष घालवू नका म्हटलं होतं. मी दिवस मोजत होतो आणि तरी नीरला दूध म्हणत होतो.

एका रविवारी ती बाजारात गेली होती. मी पेपर वाचत होतो. दारात दह्याची पाटी टेकली आणि अव्वाने आत डोकावून ती आहे का म्हणून विचारलं. मी मान वर न करता म्हणालो, ‘इल्ल, प्याटिग होग्याळ.’ नाही, बाजारात गेलीय.

पेपरचं पान उलटलं तेव्हा लक्षात आलं, मी काय केलं ते. अव्वा पाटी डोक्यावर घेऊन गेली होती. मी तसाच धावत कोपऱ्यापर्यंत गेलो. ती दिसली नाही.

सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो आणि दारातलं बोलणं मला शब्दन् शब्द कळत होतं. म्हातारी म्हणत होती, ‘तुझा नवरा लई छान बोलतो की गं आपलं. ठसका जरा बार्शीचा, पण लई छान.’ माझ्या बायकोने दही घेतलं, आत आली, माळ्यावरची ट्रंक काढून अंगणात उन्हात ठेवली.

ती रागावेल म्हणून मी वाट बघत होतो. तिने ट्रंकेतली डांबराच्या गोळ्यांची पुडी बाहेर टाकली आणि म्हणाली, ‘रजेचा अर्ज टाका आज.’

‘कारण काय लिहू?’

‘बायकोचं डोकं उघडायचंय, असं लिहा. मऊ करू नका.’

मी तसंच लिहिलं. साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला.

मद्रासची गाडी दुधनीला थांबत नाही. स्टेशन येण्याआधीच ती खिडकीशी सरकून बसली होती. फलाट, पाण्याची टाकी, मग माळ गेला. तिने त्या दिशेला हात जोडले आणि मी जोडले नाहीत हे बघून कोपराने ढोसलं. ‘दोनदा त्रास दिलाय त्याला. जोडा.’

डॉक्टर तेच होते. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं आणि मी एकेक वाक्य तिला देत गेलो. एका ठिकाणी अडलो.

‘थांबला का?’ ती म्हणाली. ‘हेळ्री.’ सांगा.

‘टेबलावरच मरशील, असंही होऊ शकतं म्हणतात.’

तिने मान हलवली. ‘फुडं.’

पुढचं सांगून झाल्यावर तिने तिचा प्रश्न विचारायला लावला. डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, ‘कुठली भाषा जाईल ते मी सांगू शकत नाही. दोन्ही राहाव्यात असा हात चालवायचा प्रयत्न करीन.’ आणि कागद पुढे करताना मला म्हणाले, ‘या खेपेला मराठी बरीच लांब झालेली दिसते.’ त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मी सही केली. सहीच्या वर तिने अंगठ्याऐवजी आपलं नाव लिहिलं, कन्नड अक्षरांत. तिला कन्नड लिहिता येतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिचे केस काढले. दोन्ही दंडांना नळ्या लावायच्या होत्या, लिंगाची डबी कुठेच बांधता येईना. नर्स समजावत होती. शेवटी तिने स्वतःच दोरा काढला आणि डबी माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवली.

‘उजव्या हातात धरायची. डाव्यात न्हाई. खाली ठेवायची न्हाई, खिशात टाकायची न्हाई. मी मागीन तवा द्यायची.’

तिला आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. दुपारी कळलं, चिमटा बसला, पण शुद्धीवर यायला वेळ लागेल. इस्पितळाबाहेर खानावळ होती. आमच्याकडे उजव्या हातानेच जेवतात, आणि तो मिटलेला होता. डाव्या हाताने चहा घेतला, एवढंच. झोपेत मूठ उघडेल म्हणून एका माणसाकडून मुठीभोवती रुमाल बांधून घेतला. त्याला वाटलं, माझा हात भाजलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. डोक्याभर पांढरं बँडेज, त्याखाली तिचा चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता. शेजारी नर्स उभी होती. बायकोने डोळे उघडले, माझ्यावर आणले, ओठ हलवले. मी वाकलो. आवाज आला नाही. मला वाटलं, गेलं, दोन्ही गेलं. मग ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी ऐकू आलं.

‘ऊटा आत्रि?’

जेवलात का.

‘आत,’ मी म्हणालो. झालं.

तिची नजर हळूहळू माझ्या तोंडावरून खाली आली आणि रुमाल बांधलेल्या मुठीवर थांबली.

‘सुळ्ळ,’ ती म्हणाली. दम घेतला. ‘सुळ्ळ हेळब्याड्रि.’

मराठी यायला पुढे नऊ दिवस लागले. काही शब्द आजही तिला अडतात. मग ती बोटं वाजवते आणि मी कन्नड शब्द पुढे करतो. उजव्या हातात पूर्वीची पकड नाही, भाकरी एका बाजूला जाड होते, आणि त्यावरून आम्ही रोज भांडतो.

पण ते पुढचं. त्या दुपारी नर्स माझ्याकडे बघत होती. पेशंट पहिल्यांदाच बोलली होती, नर्सला ते चार्टवर लिहायचं होतं. तिने इंग्रजीत विचारलं, ‘काय म्हणाल्या?’

माझ्या मनात सवयीप्रमाणे वाक्य तयार झालं होतं: त्या विचारपूस करत आहेत. ते मी गिळलं.

‘ती म्हणते,’ मी सांगितलं, ‘मी खोटं बोलतोय. खोटं बोलू नका म्हणते.’